डावा हात

धाकटी साठीपलीकडे गेली तरी धाकटीच राहिली. थोरल्या भावानं लहानपणी मारलेली हाक तशीच चिकटून बसली, आणि भावाच्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला लागल्यावर गिऱ्हाइकंही तिला धाकट्या बाई म्हणू लागली. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा एका हाताला सहा वर्षांचा मुलगा होता आणि दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. तेव्हापासून ती त्याच काउंटरमागे बसत आली होती. नंबर काढायचं काम दादाचं. फ्रेम बसवणं, नाकावरची पॅडं सरळ करणं, काडी गरम करून कानामागे वळवणं हे तिचं. परक्या माणसाच्या चेहऱ्याला इतक्या जवळून हात लावायचा तर तोंड मिटून लावावा लागतो, आणि तोंड मिटायची सवय तिला आधीपासूनच होती.

तिचा नवरा गाणारा होता, आणि नुसता गाणारा नव्हता. भर कार्यक्रमात गाणं थांबवून त्यानं पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना जांभया द्यायला घरी जा म्हणून सांगितलं होतं. एका आयोजकाच्या अंगावर माइकचा दांडा फेकला होता. तीन लग्नं केली होती आणि तिन्ही मोडली होती. अर्धं जग त्याला शिव्या देई आणि उरलेलं अर्धं त्याची गाणी ऐकून डोळे पुशी. पुष्कळ लोक दोन्ही करत. दादा त्याचं नाव घेत नसे. ‘तो गाणारा’ एवढंच म्हणे, आणि तेही दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करून.

सत्तरी उलटल्यावर गाणाऱ्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘कोडगा’. स्वतःच स्वतःला शिवी देऊन ठेवली की दुसऱ्याला द्यायला काही उरत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. पुस्तक आलं आणि गदारोळ उडाला. पण तो उडाला कशावरून, तर त्यानं एका दिवंगत बुजुर्ग गायकाला ‘पेंढा भरलेला पोपट’ म्हटलं होतं. बुजुर्गांचे शिष्य चवताळले. वर्तमानपत्रांत पत्रांवर पत्रं आली, एका चौकात पुस्तकाच्या प्रती फाडल्या गेल्या. ज्यांनी फाडल्या नाहीत ते म्हणाले, माणूस कसाही असो, स्वतःलाही सोडलं नाही त्यानं. पुरावा म्हणून ते एक वाक्य म्हणून दाखवत. ते वाक्य पहिल्या बायकोवरच्या प्रकरणात होतं, आणि त्या प्रकरणाचं नाव होतं ‘पहिली’.

धाकटीला ते वाक्य एका गिऱ्हाइकानं वाचून दाखवलं. निवृत्त शिक्षिका होत्या त्या, वाचायचा चष्मा न्यायला आल्या होत्या. धाकटीनं त्यांच्यापुढे बारीक अक्षरांचा तक्ता धरला, तर त्या म्हणाल्या, माझ्याकडे माझं वाचन आहे. पिशवीतून पुस्तक काढून, खूण घातलेलं पान उघडून, हात जरा लांब-जवळ करत त्यांनी मोठ्यानं वाचलं: “त्या रात्री मी तिला मारलं. एकदाच. डाव्या हातानं. उजवा मी वाद्यासाठी राखून ठेवला होता.”

मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय. आणि लिहिलंय काय बघा. असं लिहायला छाती लागते.”

धाकटीनं विचारलं, कानामागे रुतत तर नाही ना? बाई नाही म्हणाल्या. तिनं चष्मा पुसून डबीत घातला, डबी त्यांच्या हातात दिली, आणि त्या गेल्यावर बराच वेळ तोच फडका घडी घालत आणि उलगडत बसली.

धाकटीला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लोकांना सांगितलेलं असं की लहानपणी कान फुटला होता. पण लहानपणी तिचा कान असा होता की शेजारच्या घरात बासरीची एक फुंक चुकली तरी हिची मान वर व्हायची. तो कान गेला लग्नानंतर. समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, हे समजायला डॉक्टर लागत नाही. आणि एका फटक्यात तो गेलाही नव्हता. कार्यक्रम पडला की एक, कार्यक्रम गाजला आणि ही पुरेशी खूश दिसली नाही की एक, असं करत करत गेला होता. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ते दानधर्माबद्दल. याच्या पुस्तकात माराचंही तसंच झालं होतं: उजव्यानं दिलेला सगळा मार डाव्याच्या नावावर चढला होता, आणि चढताना आटून एवढासा झाला होता.

पुस्तक आणायला तिला कुठे जावं लागलं नाही. ते दादाच्या खणात होतं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला असताना काचा शोधायला म्हणून तिनं खण उघडला, तर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक हाताला लागलं. दादा, जो गाणाऱ्याचं नाव घेत नव्हता, त्यानं ते पार शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं होतं. एका ठिकाणी पान इतक्यांदा उघडलेलं की पुस्तक आपोआप तिथेच उघडत होतं. तिथे लिहिलं होतं, ‘तिच्या भावानं पहिल्या हाकेला दार उघडलं. त्या दाराला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.’

धाकटीनं ती ओळ पुन्हा वाचली. पहिल्या हाकेला दादानं दार उघडलं होतं हे खरं. चहा पाजून, भांड्याला भांडं लागायचंच असं म्हणून त्यानं तिला संध्याकाळी परत पाठवलं होतं. दुसऱ्या हाकेला तो स्वतः तिला गाडीत बसवून द्यायला आला होता आणि वाटेत खायला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला होता. तिसऱ्यांदा ती आली ती मुलाला घेऊन, आणि कानातून पू वाहत होता, तेव्हा मात्र त्यानं परत जा म्हटलं नाही. त्यानं मागची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीचे उपकार तिनं मनात कधी कमी लेखले नव्हते. म्हणूनच आधीच्या दोन फेऱ्यांबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. झाकली मूठ, ती त्याचीही होती.

दादा जेवून आला तेव्हा पुस्तक काउंटरवर होतं. त्यानं ते पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, घरातलं असं चव्हाट्यावर मांडायला नको होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण माणूस खोटं लिहीत नाही हे कबूल करायला पाहिजे.”

मुलाचं प्रकरण आणखी पुढे गेलेलं होतं. मुलगा आता चाळिशीत, एका विमा कंपनीत साहेब. बापाचा विषय घरात निघाला की तो उठून गच्चीवर जायचा, इतकी वर्षं. पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी आल्या होत्या. ‘माझ्या मुलाच्या डोळ्यांत मला माझाच सूर दिसायचा. म्हणून मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.’ बस, एवढंच. तीस-पस्तीस वर्षांत बापाचं वाढदिवसाचं कार्ड नाही, शाळेची फी नाही, लग्नाला पाय लागले नाहीत, आणि या सगळ्याचं कारण या दोन ओळींत असं निघालं की बापाला मुलगा फार आवडत होता. मुलगा पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर बापानं मान वर करून पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि सहीबरोबर ‘माझ्या सुराला’ असं लिहून दिलं. हे त्यानं आईला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फुटत होता. धाकटी म्हणाली, बरं झालं. दुसरं काय म्हणणार? पोराच्या ताटात इतक्या वर्षांनी काही पडलं होतं, ते उष्टं आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

हळूहळू लोकांना कळलं की ‘पहिली’ म्हणजे चष्म्याच्या दुकानातल्या त्या बाई. मग ज्यांचे डोळे धडधाकट होते तेही नंबर काढून घ्यायला येऊ लागले. कोणी काउंटरवरून तिचा हात हातात घ्यायचं. कोणी सांगायचं, तुमच्यामुळे ते घडले. एक बाई म्हणाल्या की त्या वाक्यानंतर त्यांना तीच जुनी गाणी नव्यानं कळायला लागली आहेत, दुःखासकट. एक तरुण वकील म्हणाला की अशी कबुली द्यायला किती यातना झाल्या असतील त्यांना. धाकटीनं त्याच्या फ्रेमचा स्क्रू पिळला आणि म्हणाली, झाल्या असतील. वाचकांच्या एका मंडळानं तिला बोलावलं, विषय होता ‘क्षमा’. ती म्हणाली, त्या दिवशी दुकान आहे. त्यांनी दिवस बदलून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, दुकान रोजच असतं.

ज्यांनी चौकात पुस्तक फाडलं होतं त्यांच्यातलाही एकजण चष्मा दुरुस्त करायला आला. गाणाऱ्याला त्यानं मनसोक्त शिव्या घातल्या. क्षणभर धाकटीला बरं वाटलं, कोणीतरी एक निघाला म्हणून. पण त्याचा राग पोपटाबद्दलचा होता. पहिलीचं प्रकरण त्यानं वाचलंच नव्हतं. बायकांच्या भानगडीत आपल्याला रस नाही, म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिनं एकदा खाल्लेला होता. तेव्हा निदान मारणारा एकटा होता.

मग एक दिवस, दुपारी दुकान रिकामं असताना, फोन आला. दादा आत होता. धाकटीनं तो उजव्या कानाला लावला. पलीकडचा आवाज घोगरा, थकलेला, पण शब्दाच्या शेवटाला जो एक हेलकावा द्यायची त्याची लकब होती ती तशीच्या तशी.

“वाचलंस का?” त्यानं विचारलं. कोण बोलतंय ते सांगितलं नाही.

“वाचलं.”

“मग? कसं वाटलं?”

कार्यक्रमाहून आल्यावर जोडे काढता काढता तो असंच विचारायचा. त्या वेळी या प्रश्नाला बरोबर असं उत्तरच नव्हतं. आता धाकटीच्या लक्षात आलं की आपण अजूनही ते बरोबर उत्तर शोधतो आहोत, आणि मध्ये अख्खं शहर असूनही शोधतो आहोत. याचा तिला इतका संताप आला की तिला बोलता आलं.

“हात चुकलाय,” ती म्हणाली. “डावा नव्हता. उजवा होता. आणि एकदा नव्हतं.”

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “अगं, ते खरंखोटं बघायचं नसतं. ते वाक्य आहे. उजवा म्हटलं की वाक्य पडतं.”

“माझा कान गेला,” धाकटी म्हणाली.

यावर तो गप्प झाला. धाकटीला वाटलं, पोचलं. आयुष्यात एकदा का होईना, पोचलं. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज ओला झालेला होता. “काय कान होता गं तुझा,” तो म्हणाला. “माझा सूर केसभर हलला की माझ्याआधी तुला कळायचं.”

ती काही बोलणार तोच आतून दादानं हाक मारली आणि पलीकडून फोन ठेवला गेला. फोन कोणाचा म्हणून दादानं विचारलं. तिनं सांगितलं, चुकून लागला होता.

दुसरी आवृत्ती निघाली ती ‘वाचकांच्या अलोट प्रतिसादामुळे’, आणि तिच्या शेवटी एक नवं प्रकरण होतं. मुलानं ती प्रत आणून आईच्या पुढे ठेवली. रविवारची दुपार होती. धाकटी मुलाकडे जेवायला गेली होती. बघ, तो म्हणाला, तुझं म्हणणं घेतलंय त्यांनी, शब्द न शब्द घेतलंय.

धाकटीनं वाचलं. गाणाऱ्यानं लिहिलं होतं की इतक्या वर्षांनी त्यानं पहिलीला फोन केला. लिहिताना ती दोष देईल म्हणून तो भीत होता. पण तिनं तक्रार केली ती एवढीच की हात चुकला, डावा नव्हे, उजवा. ‘बाईच्या आठवणीत माराचाही तपशील किती मायेनं जपलेला असतो,’ असं त्यावर त्याचं म्हणणं होतं. आणि शेवटी: ‘ती म्हणाली, माझा कान गेला. मी तिच्या आयुष्यातून गेलो त्या दिवसापासून तिनं गाणं ऐकलं नाही. माझ्या गाण्याला याहून मोठी दाद मिळालेली नाही आणि याहून मोठी शिक्षाही नाही.’

मुलगा म्हणाला की हे वाचून त्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, तू खरंच एवढी वर्षं गाणं ऐकलं नाहीस? मला कधी सांगितलं नाहीस.”

धाकटीनं पुस्तक मिटलं आणि सुनेला विचारलं, गच्चीवरचे कपडे काढायचे राहिले आहेत का.

सून एका शाळेत चित्रकला शिकवायची. बोलकी होती, लग्नाआधीपासून सासऱ्याच्या गाण्यांची वेडी होती, आणि ते डाव्या हाताचं वाक्य तिनं आपल्या मैत्रिणींना लिहून पाठवलेलं होतं. ‘पहिली’चं प्रकरण वाचून ती सासूच्या गळ्यात पडून रडली होती, आणि धाकटीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. आज मात्र ती गप्प होती. गच्चीवर दोघी चादरींच्या घड्या घालू लागल्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे. चादर झटकून दोघी जवळ आल्या तेव्हा सुनेनं आपली टोकं सोडली नाहीत.

“आई,” तिनं विचारलं, “कान गेला म्हणजे काय?”

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही जेवताना नेहमी भिंतीकडची खुर्ची घेता. डाव्या बाजूनं कोणी बोललं की तुम्ही पूर्ण वळता. मला वाटायचं, सवय आहे. कान गेला म्हणजे खरोखरचा कान?”

एवढे लोक आले होते. हात धरून गेले होते, डोळे पुसून गेले होते, क्षमेवर भाषण मागून गेले होते. काय झालं होतं, असं कोणी विचारलं नव्हतं. धाकटीनं हातातली चादर खाली ठेवली, दोरीखालच्या कट्ट्यावर बसली आणि सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. कोणत्या घरात, कशावरून, मग काय केलं, डॉक्टरांना काय सांगितलं, दादाकडे गेले तेव्हा दादा काय म्हणाला, सगळं सांगितलं. मध्ये एकदा सुनेनं विचारलं, किती वेळा. धाकटी म्हणाली, मोजायला बसलं की जगता येत नाही, म्हणून मोजलं नाही. मुलगा तेव्हा कुठे असायचा, या प्रश्नावर ती थोडी अडली. मग म्हणाली, “कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये. मी तिथे उशी ठेवून दिली होती, त्याला टेकायला.”

सून खाली गेली. धाकटीनं उरलेल्या चादरींच्या एकटीनंच घड्या घातल्या, जमतील तशा. जिना उतरताना तिला मुलाचं बोलणं ऐकू आलं. तेव्हा मी लहान होतो, तो म्हणत होता. मला एवढं काही आठवत नाही. सून म्हणाली, उशी आठवते का?

धाकटी खोलीत आली तेव्हा मुलगा खिडकीपाशी उभा होता. चेहरा उतरलेला होता. तिला वाटलं, आता हा येईल, जवळ बसेल. तिनं मनातल्या मनात त्याच्यासाठी जागासुद्धा केली. तो म्हणाला, “आई, आता कुठे माझं त्यांच्याशी जरा जुळत होतं. हे आत्ताच काढायला हवं होतं का?”

ती म्हणाली, “मी नाही काढलं. हिनं विचारलं.”

“विचारलं म्हणून लगेच सांगायचं?”

हे पोर कपाटामागून बाहेर यायचं तेव्हा आधी आईच्या तोंडाकडे बघायचं, आणि आई हसली की मग हसायचं. हसायचं कसं, ते तिनंच त्याला शिकवलं होतं. काही झालं नाही रे, असं रोज सांगितलं होतं. आता तो तेच म्हणत होता, फक्त तिच्याऐवजी बापाकडे बघून. धाकटीला त्याचा राग आला, आणि राग धरायला हात पुढे करावा तर हाताला स्वतःचंच मनगट लागत होतं. तिनं पिशवी उचलली.

एरवी मुलगा तिला गाडीनं सोडायचा. त्या दिवशी तो किल्ली शोधू लागला, पण ती समोर टेबलावर पडली असूनही त्याला सापडेना. धाकटी म्हणाली, असू दे, मी बसनं जाते. सून चपला घालून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत आली. वाटेत एका घरातून गाणाऱ्याचंच गाणं ऐकू येत होतं, ते जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं. सुनेची पावलं अडखळली आणि मग भराभर पडू लागली, जणू ते तिच्याच अंगावर येत होतं. धाकटी आपल्या चालीनं चालत राहिली. गाणं वाईट नव्हतं. कधीच नव्हतं. हीच तर त्याची मेख होती.

बस आली तेव्हा सुनेनं विचारलं, पुढच्या रविवारी याल ना?

धाकटीनं दांडी धरून पायरीवर पाय ठेवला. “बघू,” ती म्हणाली. “तूच ये दुकानात. दुपारी कोणी नसतं.”

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दादानं दुसऱ्या आवृत्तीची प्रत मागवून घेतली आणि या वेळी कव्हर न घालता काउंटरवर ठेवली, लोक विचारतात म्हणून. धाकटी फ्रेमा पुसत बसली. दुपारी काचेच्या दारातून कोणी आत येताना दिसलं की ती मान वर करून बघे, आणि बहुतेक वेळा ते गिऱ्हाईकच असे.